उपचारानंतरही पायांवर परत येणाऱ्या स्पायडर व्हेन्स: लक्षणे, तपासण्यांचा क्रम आणि उपचार

पायांवरच्या बारीक लाल-निळ्या शिरांवर उपचार करणे हे माझे रोजचे काम आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांची तक्रार एकच असते: इंजेक्शने घेतली, काही महिने पाय स्वच्छ दिसले आणि मग त्याच जागी जाळे पुन्हा उमटले. अशा पायावर तेच इंजेक्शन पुन्हा देण्याआधी मी थांबते, कारण त्वचेवर दिसणारी शीर हा पुष्कळदा केवळ परिणाम असतो आणि तिच्यात दाब पोचवणारी, डोळ्यांना सहज न दिसणारी शीर आत तशीच राहिलेली असते. ती शोधण्याचा क्रम येथे मांडला आहे. पहिल्या तपासण्या घरी, बिनखर्चाने होतात आणि शेवटच्या दवाखान्यातच कराव्या लागतात.

मुळात बिघाड कोठे असतो हे कळले, तर पुढच्या प्रत्येक तपासणीचे कारणही कळेल. पायांतल्या शिरांना रक्त खालून वर, हृदयाकडे न्यायचे असते. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जातात आणि रक्त वर ढकलले जाते. शिरांमधल्या एकमार्गी झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाच्या पावलाजवळच्या शिरेत पाऱ्याचा सुमारे 80 ते 90 मिलिमीटर इतका दाब असतो आणि झडपा निकोप असतील, तर चालू लागल्यावर तो 30च्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरतो. झडपा गळक्या झाल्या, की चालूनही दाब पुरेसा उतरत नाही, तो त्वचेतल्या सूक्ष्म शिरांपर्यंत पोचतो आणि त्या कायमच्या रुंदावतात. आनुवंशिकता, वय, गर्भारपण, स्त्री-संप्रेरके, वाढलेले वजन, तासन्‌तास उभे राहण्याचे काम आणि जुनी दुखापत या गोष्टींमुळे ही शक्यता वाढते. मात्र प्रत्येक स्पायडर व्हेनमागे गळकी झडप असतेच असे नाही. पुष्कळ पायांवर त्या निव्वळ त्वचेपुरत्या असतात आणि आयुष्यभर काहीही त्रास देत नाहीत.

लक्षणे

स्पायडर व्हेन्स एक मिलिमीटरपेक्षा बारीक, लाल, जांभळ्या किंवा निळसर असतात आणि हाताला लागत नाहीत. त्यांच्या आसपास एक ते तीन मिलिमीटर जाडीच्या, हिरवट-निळ्या, त्वचेखालून जाणाऱ्या शिरा दिसू शकतात. त्यांना रेटिक्युलर व्हेन्स म्हणतात. उभे असताना तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड भरणारी, फुगीर शीर ही व्हेरिकोज व्हेन होय. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो, कारण ‘स्पायडर व्हेन्स परत आल्या’ म्हणून येणाऱ्या अनेकांच्या पायात खरा दोष या मधल्या किंवा जाड शिरांत असतो.

त्वचेवरच्या खुणांसोबत काहींना संध्याकाळी पाय जड वाटतात, ठणकतात, त्या जागी खाज सुटते किंवा आग होते, आणि रात्री पोटरीत गोळे येतात. दिवसभर उभे राहिल्याने हा त्रास वाढतो, तर पाय वर घेतले किंवा थोडे चालले की कमी होतो. याउलट, चालायला लागल्यावर पोटरी दुखू लागत असेल आणि थांबल्यावरच बरे वाटत असेल, तर दोष शिरांचा नसून रोहिण्यांचा, म्हणजे पायाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचा असण्याची शक्यता अधिक असते.

‘परत आल्या’ या तक्रारीमागे प्रत्यक्षात पाच निरनिराळ्या गोष्टी असू शकतात आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या, तर निम्मे काम झाले असे मी मानते.

पहिली गोष्ट खऱ्या अर्थाने पुनरावृत्तीची आहे: काही महिन्यांत, त्याच जागी, त्याच आकाराचे जाळे पुन्हा भरते. येथे दाब देणारी शीर शिल्लक राहिल्याचा संशय सर्वांत आधी घ्यावा. दुसरीत काही वर्षांनी नव्याच जागी शिरा येतात. हा उपचाराचा दोष नाही. उपचाराने दिसणारी शीर बंद होते, पण शिरा कमकुवत असण्याची प्रवृत्ती जात नाही. तिसरी गोष्ट म्हणजे मॅटिंग. इंजेक्शनानंतर काही आठवड्यांत त्या जागेभोवती पूर्वी नसलेला, केसाहून बारीक लाल वाहिन्यांचा धूसर पट्टा उमटतो. ही पुनरावृत्ती नसून उपचाराला त्वचेने दिलेली प्रतिक्रिया असते आणि बहुतेकदा ती काही महिन्यांत, कधी वर्षभरात, आपोआप फिकी होते. त्यावर घाईने पुन्हा इंजेक्शन दिले, तर ती वाढू शकते.

चौथी गोष्ट तपकिरी डागांची. बंद झालेल्या शिरेतल्या रक्तातले लोह त्वचेत उतरते आणि शिरेच्याच वळणाची तपकिरी रेघ मागे राहते. दुरून पाहताना ही रेघ पुन्हा भरलेल्या शिरेसारखी वाटते. पाचवी गोष्ट अडकलेल्या रक्ताची: उपचारानंतरच्या आठवड्यांत शिरेच्या जागी गडद, किंचित टणक, दाबल्यावर दुखणारी दोरी लागते. बारीक सुईने टोचून हळूच दाबले, की त्यातून काळपट, दाट रक्त बाहेर येते आणि दुखणे लगेच हलके होते. हे काम दवाखान्यातच करून घ्यावे. वेळीच केल्यास पुढे पडणारा डागही कमी होतो.

घरी करता येणाऱ्या तपासण्या

सर्वांत सोपी तपासणी बोटाची आहे. त्या खुणेवर बोट घट्ट दाबून दोन-तीन सेकंद धरावे, मग चटकन उचलून चांगल्या उजेडात पाहावे. स्पायडर व्हेन दाबल्यावर पुसली जाते आणि बोट उचलताच भरते. खूण पुसली जातच नसेल, तर ती भरलेली शीर नव्हे. ते वर सांगितलेले तपकिरी डाग असतील किंवा त्वचेत झालेला सूक्ष्म रक्तस्राव असेल. दोन्ही पायांवर लाल ठिपके अचानक उठले आणि ते दाबून जात नसतील, तर तो शिरांचा प्रश्न समजून वेळ घालवू नये. रक्तातील प्लेटलेट्स किंवा रक्तवाहिन्यांची सूज तपासण्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

याच तपासणीचा दुसरा भाग चेहरा, मान, छाती आणि खांद्यांवरच्या खुणांसाठी आहे. मध्ये एक लाल ठिपका आणि त्यातून चहूबाजूंना निघणाऱ्या बारीक रेषा अशी खूण असेल, तर नेमक्या मधल्या ठिपक्यावर पेनच्या बोथट टोकाने दाबावे. त्या दाबाने सगळ्या रेषा नाहीशा झाल्या आणि सोडल्यावर मध्यातून बाहेरच्या दिशेने भरल्या, तर तो स्पायडर नीव्हस आहे, आणि त्यात रक्त रोहिणीकडून येते. निरोगी माणसांत एखाद-दुसरा असू शकतो आणि गर्भारपणातही ते येतात. पण मोठ्या माणसात ते अनेक दिसू लागले, तर यकृताची तपासणी करून घ्यावी. पायांच्या शिरांसाठी असलेला कोणताही उपचार येथे गैरलागू आहे.

त्यानंतर जागा पाहावी. पाच मिनिटे उभे राहावे, म्हणजे शिरा पूर्ण भरतात, आणि मग कोणाला तरी पायांची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढायला सांगावे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला पसरलेले जाळे बहुधा त्वचेखालच्या रेटिक्युलर शिरांच्या जाळ्याशी जोडलेले असते. ते दिसायला मोठे असले, तरी सहसा निरुपद्रवी असते. गुडघ्याच्या आतल्या बाजूला किंवा मांडीच्या आतल्या बाजूला वारंवार भरणारे जाळे असेल, तर जांघेपासून घोट्यापर्यंत जाणाऱ्या मोठ्या सॅफेनस शिरेची झडप तपासलीच पाहिजे. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती घोट्याच्या आतल्या बाजूला, तळव्याच्या कडेपर्यंत पंख्यासारख्या पसरलेल्या निळ्या-लाल शिरांची. त्यांना कोरोना फ्लेबेक्टॅटिका म्हणतात. शिरांच्या आजाराच्या सीईएपी या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात साध्या स्पायडर व्हेन्स सी-1 मध्ये मोडतात, पण घोट्याजवळचा हा पंखा 2020 च्या सुधारणेनंतर सी-4 मध्ये, म्हणजे त्वचेतल्या बदलांच्या पायरीत गणला जातो. दोन्ही ठिकाणची शीर तितकीच बारीक असते. जागेमुळे तिचा अर्थ पूर्ण बदलतो.

संध्याकाळी मोजे काढल्यावर घोट्यावर त्यांच्या किनारीचा खोल वण राहतो का, हे पाहावे. नडगीच्या पुढच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून खड्डा पडतो का, तेही पाहावे आणि दोन्ही पाय एकमेकांशी ताडून घ्यावेत. एकाच पायावर, रोज संध्याकाळी वाढणारी आणि सकाळी उतरणारी सूज शिरांच्या दोषाकडे बोट दाखवते. दोन्ही पाय सारखेच सुजत असतील, तर हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा एखादे औषध कारणीभूत असू शकते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या अम्लोडिपिनने घोटे सुजतात हे अनेकांना माहीत नसते. मात्र असे आढळले तरी औषध परस्पर बंद करू नये.

मग एका कागदावर स्वतःचा इतिहास लिहून काढावा: आई-वडिलांना शिरांचा त्रास होता का, गर्भारपणे किती, गर्भनिरोधक गोळ्या किंवा संप्रेरके चालू आहेत का, स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला कधी शिरेत रक्ताची गुठळी झाली होती का, मायग्रेन आहे का, आधीच्या उपचारात कोणते औषध, किती तीव्रतेचे आणि कोणत्या शिरेत दिले गेले. शेवटची नोंद सर्वांत मोलाची असते आणि नेमकी तीच बहुधा हाताशी नसते. जुने कागद मागून घेण्याचा आपल्याला हक्क आहे.

घरच्या तपासण्यांपैकी पैसे लागणारी एकच आहे: दाब देणारे मोजे दोन आठवडे वापरून पाहणे. साध्या त्रासासाठी पाऱ्याच्या 15 ते 20 मिलिमीटर दाबाचे, गुडघ्याखालचे मोजे पुरतात. माप सकाळी, सूज चढण्यापूर्वी घ्यावे, मोजे उठल्या-उठल्या चढवावेत आणि झोपताना काढावेत. या काळात पायांचे जडपण आणि ठणका स्पष्टपणे कमी झाला, तर दुखण्याचे मूळ शिरांत आहे असे समजायला आधार मिळतो. फरक पडला नाही, तर मणका, सांधे किंवा मज्जातंतू यांच्याकडेही पाहावे लागते. मोज्यांनी दिसणाऱ्या शिरा जात नाहीत, हे मी प्रत्येकाला आधीच सांगते. मधुमेह असेल, धूम्रपान असेल, पावले गार पडत असतील किंवा चालताना पोटरी दुखत असेल, तर ही चाचणी स्वतःहून करू नये. रोहिण्या अरुंद झालेल्या पायाला बाहेरून दाब दिल्यास त्वचेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून आधी घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर मोजून घ्यावे.

दवाखान्यातल्या तपासण्या

दवाखान्यात पहिले काम प्रकाशाचे असते. त्वचेवर टेकवलेल्या दिव्याच्या उजेडात जाळ्याच्या कडेला एक निळसर रेघ दिसू लागते. तिच्यावर बोट दाबून धरले आणि जाळे रिकामे केले, तर ते सावकाश भरते. बोट उचलताच झपकन भरते. जाळ्याला दाब पोचवणारी शीर ती हीच, आणि पूर्वीच्या उपचारात ती सुटली असेल, तर जाळे परत येणे अटळ होते.

त्यापुढची तपासणी डुप्लेक्स डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरांसोबत त्यांतल्या रक्ताच्या प्रवाहाची दिशाही दाखवणारी सोनोग्राफी. मांडीच्या बाहेरच्या बाजूला थोड्याशा शिरा असून बाकी काही त्रास नसेल, तर तिची गरज नसते. पण त्याच जागी पुनरावृत्ती, आतल्या बाजूचे जाळे, घोट्यावरचा पंखा, सूज, फुगीर शीर किंवा त्वचेचा काळपटपणा यांपैकी काहीही असेल, तर ती केल्याशिवाय पुन्हा इंजेक्शन घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. ही तपासणी रुग्णाला उभे करून झाली पाहिजे. आडवे झोपवून केलेल्या तपासणीत गळती लपून राहते, आणि ‘सोनोग्राफी नॉर्मल आली होती’ असे सांगणाऱ्यांना मी आधी हेच विचारते, की ती उभे राहून केली होती का. तपासणारी व्यक्ती पोटरी दाबून सोडते. त्वचेजवळच्या शिरेत रक्त अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त काळ उलटे वाहिले, तर झडप गळकी समजतात. मांडीतल्या आणि गुडघ्यामागच्या खोल शिरांसाठी ही मर्यादा एक सेकंद आहे. अहवालात कोणती शीर, किती लांब, किती जाड आणि गळती किती सेकंद, हे लिहिलेले असावे. नुसता ‘व्हेरिकोज व्हेन्स आहेत’ असा शेरा उपचार ठरवायला पुरत नाही.

याहून अवघड तपासण्यांची वेळ थोड्यांवर येते. अनेक गर्भारपणांनंतर मांडीच्या मागे आणि जननेंद्रियाजवळ शिरा भरत असतील, मासिक पाळीच्या सुमारास ओटीपोट जड होत असेल, तर गळती ओटीपोटातल्या शिरांतून खाली येत असते. फक्त डावा पाय मांडीपर्यंत सुजत असेल, तर पोटातली डावी मोठी शीर रोहिणीखाली दबली आहे का, हे पाहावे लागते. त्यासाठी सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे आतल्या शिरांची चित्रे काढणारी तपासणी, आणि रक्तवाहिन्यांचे तज्ज्ञ, दोन्ही लागतात.

उपचार

उपचाराचा क्रम वरून खाली आणि जाडीकडून बारीकीकडे असावा. सॅफेनस शीर गळकी असेल, तर आधी ती लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने आतून बंद करतात, मग रेटिक्युलर शिरा, आणि सर्वांत शेवटी त्वचेवरचे जाळे. हा क्रम उलटा झाला, की पुनरावृत्ती, मॅटिंग आणि डाग या तिन्हींची शक्यता वाढते.

पायांवरच्या स्पायडर व्हेन्ससाठी स्क्लेरोथेरपी हा पहिल्या पसंतीचा उपचार आहे. पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे द्रव अतिशय बारीक सुईने शिरेत सोडतात; त्याने आतले अस्तर बिघडते, भिंती चिकटतात आणि शरीर ती शीर हळूहळू शोषून घेते. पॉलिडोकॅनॉल स्पायडर व्हेनसाठी साधारण 0.5 टक्के आणि रेटिक्युलर शिरेसाठी 1 टक्का तीव्रतेचे वापरतात. गरजेपेक्षा तीव्र औषध किंवा जोराने दिलेले इंजेक्शन हेही डागांचे आणि मॅटिंगचे कारण असते. एका बैठकीत सर्व शिरा जात नाहीत, काही आठवड्यांच्या अंतराने बैठका लागतात. बारीक शिरा फिक्या पडायला तीन ते सहा आठवडे आणि जाड शिरांना तीन-चार महिने लागतात; त्याआधी उपचार फसला असे ठरवू नये. इंजेक्शनानंतर लगेच चालावे, सांगितलेले दिवस मोजे घालावेत आणि त्या जागेला ऊन लागू देऊ नये.

धोके क्वचित असले, तरी माहीत असावेत: त्वचेवर छोटा व्रण, औषधाची ॲलर्जी, खोल शिरेत गुठळी, आणि फेसाच्या स्वरूपात औषध दिल्यास थोडा वेळ दृष्टी धूसर होणे किंवा मायग्रेन. गर्भारपणात, नुकतीच गुठळी झालेली असताना, त्या जागी संसर्ग असताना किंवा चालता येत नसताना हा उपचार करत नाहीत. गर्भारपणात आलेल्या शिरा प्रसूतीनंतरच्या महिन्यांत बऱ्याच ओसरतात, त्यामुळे थांबणे हाच तेव्हा योग्य निर्णय असतो.

चेहऱ्यावरच्या बारीक शिरांसाठी लेसर उत्तम चालतो. पायांवर तो सुईने धरता न येणाऱ्या शिरा, मॅटिंग आणि औषधाची ॲलर्जी असलेल्यांसाठी राखून ठेवावा. सावळ्या त्वचेवर तरंगलांबी विचारून घ्यावी: 532 नॅनोमीटरचा प्रकाश त्वचेतल्या रंगद्रव्यातही मोठ्या प्रमाणात शोषला जातो आणि भाजण्याचा किंवा पांढरे-काळे डाग पडण्याचा धोका वाढतो, तर 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर त्या मानाने सुरक्षित आहे.

डायोस्मिनसारख्या गोळ्यांनी जडपणा आणि सूज काहींना कमी वाटते, पण दिसणारी शीर जात नाही. मलमांनीही ती जात नाही. नियमित चालणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि एका जागी उभे असताना टाचा वर-खाली करत राहणे याने दाब खरोखर उतरतो आणि नव्या शिरांचा वेग कमी होऊ शकतो.

येथे थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे

एक पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, गरम किंवा लाल झाली, तर खोल शिरेतली गुठळी नाही हे त्याच दिवशी सिद्ध झाले पाहिजे. त्या पायाला मालीश करू नये. सोबत धाप लागली, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त आले, तर थेट आपत्कालीन विभागात जावे. स्पायडर व्हेन्समुळे अशी गुठळी होत नाही, पण त्या आहेत म्हणून पायाचे प्रत्येक दुखणे त्यांच्या माथी मारले जाते आणि निदानाला उशीर होतो, हे मी पाहिले आहे.

घोट्याजवळची शीर खरचटून किंवा अंघोळीच्या गरम पाण्यात फुटली, तर दुखत नाही, पण रक्त बरेच जाते. ताबडतोब आडवे व्हावे, पाय हृदयापेक्षा वर उचलावा आणि स्वच्छ कापडाने नेमक्या त्या ठिपक्यावर किमान दहा मिनिटे, मध्ये उघडून न पाहता, दाब द्यावा. जखमेच्या वरच्या बाजूला आवळपट्टी बांधू नये. तिने शिरेतला दाब उलट वाढतो. रक्त थांबले नाही किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर लगेच रुग्णालय गाठावे. थांबले तरी काही दिवसांत डॉपलर करून ती जागा बंद करून घ्यावी, कारण तीच शीर पुन्हा फुटण्याचा संभव असतो.

घोट्याची त्वचा तपकिरी, टणक, खाजरी झाली, पांढुरके चट्टे पडले किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम झाली, तर सौंदर्योपचाराच्या ठिकाणी न जाता रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांकडे जावे. जाताना छायाचित्रे, इतिहासाचा कागद आणि जुन्या उपचारांच्या नोंदी सोबत न्याव्यात. इंजेक्शन देण्यापूर्वी डॉपलर उभे राहून होणार आहे का आणि जाळ्याला दाब देणारी शीर कोणती, हे दोन प्रश्न तेथे विचारावेत. त्यांची स्पष्ट उत्तरे मिळेपर्यंत उपचाराला संमती देऊ नये.